आक्का, हात दे

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय आक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, माझं सगळं ठीक आहे. फोन केला की तू "बरं हाय की" म्हणतेस आणि शेळ्या ओरडायल्यात म्हणून ठेवून देतेस. कागदाला असं मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बसले कसली, मघापासून नुसती उठबस चाललीय. चहा केला, तो गार झाला. खिडकी उघडली, परत लावली. तुझ्या जावेच्या पोरीचं लग्न आटपून कुंभारीहून परत आल्यापासून माझं हे असंच चाललंय बघ, जिवाला थारा नाही.

लग्नात तू सगळ्यांना सांगत होतीस, आमची पूनी शास्त्रज्ञ हाय, लई मोठं काम करती. आणि तुझ्या जावेनं कसलं काम म्हणून विचारलं, तर तुझीच पंचाईत झाली! तर ऐक. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एटीपी नावाचा पदार्थ असतो, पेशीचं सगळं काम त्याच्यावर चालतं. घरातली ज्वारीच म्हण. कणगीत आहे तोवर ती पोटाचा आधार. पण तीच ज्वारी अंगणात सांडलेली दिसली तर तू काय समजशील? कणगी फुटली. एटीपी पेशीच्या बाहेर सांडलं की शरीरही तसंच समजतं, की कुठंतरी मोडतोड झालीय. हे ओळखणारं एक प्रथिन राखणदार पेशींच्या अंगावर बसलेलं असतं. त्याला पी-टू-एक्स-सेव्हन म्हणतात. नाव विसरलीस तरी चालेल. बाहेर एटीपी फार झालं की हे प्रथिन दारासारखं उघडतं, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, आणि मग ती पेशी सूज आणणारी रसायनं सोडायला लागते. सूज काही वाईटच नसते गं. आपला काळ्या कुत्रा आठव. लांडग्याचा वास आला की भुंकून भुंकून सगळ्यांना उठवायचा, म्हणून तर मेंढरं वाचायची. पण लांडगा नसताना भुंकत सुटला आणि मेंढरांनाच चावायला लागला तर? संधिवाताच्या एका जातीत असंच होतं, शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. त्यात या प्रथिनाचा वाटा किती, हे शोधण्यात माझे दिवस जातात.

हे काम मी का धरलं ते तुला सांगायला नको. आईची आधी बोटं सुजली. मग सकाळी मूठ वळेना. लोक म्हणाले, वाताला औषध न्हाय. पाला बांधला, डाग दिले, देवाला कौल लावून झाला. दवाखान्यात नेलं तेव्हा बोटं वाकडी होऊन बसली होती. तू नववीतून शाळा सोडलीस. तिची वेणी तू घालायचीस, लुगडं तू नेसवायचीस, घास तू भरवायचीस. मी दारात घुटमळले की माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणायचीस, "जा की शाळंला, तू हितं बसून काय तिचे हात सरळ होणार हायेत?" आणि आई रोज एकच म्हणायची, लेकीला भार झाले. तेव्हा तू तोंड फिरवायचीस. मी बघितलंय ते.

या प्रथिनाला गप्प करणारी औषधं निघालीत, आक्का. प्रयोगशाळेत उंदरांवर त्यांनी आशा दाखवली. मग आईसारख्या आजाराच्या माणसांना देऊन पाहिली, तर म्हणावा तसा गुण आला नाही. का आला नाही, ते अजून नीट कळत नाही. आधी मी हे शांतपणे वाचायचे. आता चीड येते. परवा लॅबमध्ये रॅक इतका आपटला की मॅडम म्हणाल्या, पूनम, आज घरी जा.

चीड येते ती त्या कासारामुळं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो अंगणात बांगड्या भरायला बसला, आणि घरातली थोरली म्हणून तुला आधी बसवलं. लहानपणी तूच मला शिकवलंयस, हात सैल सोड, दाबेल तसं दाबू दे, बांगडी आपोआप चढती. त्यानं तुझा पंजा धरून बोटांच्या मुळाशी दाबला आणि तू हात हिसकावून घेतलास. हसत म्हणालीस, "मोठ्या मापाच्या दे बाबा, मी मागनं घालीन, मला शेळ्यांची धार काढायची हाय." बायका हसल्या, मला हसू आलं नाही. संधिवात ओळखायला डॉक्टर हात अगदी तसाच दाबून बघतात गं. मग मी तुझ्यावर नजरच ठेवली. कडी तू कोपरानं सरकवलीस. भाकरी नुसत्या तळव्यानं थापलीस. आणि धार काढत होते गुरप्पादाजी, ज्यांनी जन्मात कधी चरवी हातात धरली नाही. तुला विचारलं तर म्हणालीस, "मला काय धाड भरलीय?"

आक्का, मला कळतं. आईचं जे तू केलंस, ते तुला कुणाकडून करून घ्यायचं नाही, म्हणून लपवतेस. पण उशीर झाला तो आईला, तुला अजून झालेला नाही. माझं ते प्रथिन आज तुझ्या उपयोगाचं नाही, हे लिहिताना जीव तुटतो. पण जुनी, साधी औषधं आहेत, वेळेवर सुरू केली तर बहुतेकांचे सांधे वाचतात. कदाचित तुला हे नसेलही. नसलं तर मला पोटभर शिव्या घाल. बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुला न्यायला मी येतेय. दाजींना सांगितलंय. ते म्हणाले, "लौकर ये बाई, ती माझं ऐकत न्हाय." शाळेच्या वाटेवर ओढा आला की तू मागं न बघता हात मागं करायचीस, आणि मी तो धरायचे, आठवतं? बुधवारी तुझ्या दारात मी हात पुढं करून उभी राहीन. कडी कोपरानं काढलीस तरी चालेल. फक्त तुझा हात माझ्या हातात दे. मी दाबणार नाही.

तुझीच,
तुझा हात धरून ओढा ओलांडलेली
पूनी