कुंपणालगतचा न खोदायचा तुकडा

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, दूधधंद्यातून निवृत्त आणि बरीच वर्षे विधवा, माझ्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. मला कोणी भरीस पाडलेले नाही. उलट लिहू नये म्हणून गळ घालणारे घरातच आहेत. हृदय दमले आहे, डोके शाबूत आहे. डोक्याची खात्री जनावरांच्या डॉक्टरांनी दिली आहे. माणसांच्या डॉक्टरांपेक्षा ते मला जास्त ओळखतात.

एक. राहते घर मुलास. मागची पन्हळ गळते, ती त्याने आता तरी बदलावी.

दोन. बँकेतील शिल्लक सुनेस, तिच्या एकटीच्या नावे. मुलाने त्यात हात घालू नये. का, ते त्या दोघांनाही ठाऊक आहे.

तीन. दुधाच्या किटल्या भंगारात द्याव्यात. चारा कापायचे यंत्र ज्याला हवे त्याने न्यावे. पाते बोथट आहे, आधीच सांगते. यजमानांच्या सुऱ्या कोणी शोधू नयेत. त्या गाईबरोबर पुरल्या.

चार. गोठ्यामागील जमिनीपैकी रस्त्याकडचा मोठा भाग मुलास, हवा तर विकण्याच्या मोकळिकीसह. मात्र कुंपणालगतचा, दगड रचलेला कोपरा त्यास मिळणार नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे.

त्या कोपऱ्यात आमची तांबडी गाय आहे. सकाळी चरत होती, दुपारी आडवी झाली. पोटात वासरू होते, दिवस भरत आलेले. यजमान म्हणाले, "ती गेली, निदान पिल्लू तरी वाचवू," आणि त्यांनी पोट फाडले. वासरू मेलेलेच निघाले. रक्त काळपट होते आणि गोठत नव्हते. डॉक्टर आले ते कुंपणाबाहेरूनच ओरडले, "मागे व्हा! काळपुळी आहे ही!" यजमानांचे हात तोवर कोपरापर्यंत माखलेले. ताबडतोब दवाखान्यात जा, असे डॉक्टरांनी बजावले. पण आधी गाय पुरू, बाकीची जनावरे सांभाळू, असे यजमानांचे चालले. मग मनगटावर फोड आला, मधोमध कोळशासारखा काळा. "दुखत नाही गं," म्हणत राहिले. दुखला असता तर वेळेवर गेले असते. ताप चढला आणि दवाखान्याच्या खाटेवर ते संपले. मला काचेतून पाहू दिले.

डॉक्टरांनी मला समजावले ते असे. हा जंतू रक्तात असतो तोवर वाढतो. हवा लागली की स्वतःभोवती कवच बांधतो आणि मातीत पडून राहतो. खात नाही, वाढत नाही, मरतही नाही. जनावराच्या पोटात गेला की पुन्हा जागा होतो. मी विचारले, "किती वर्षं राहील?" ते म्हणाले, "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

आता शेजाऱ्याविषयी. त्यास सगळे काटेतार म्हणतात, कारण त्या आठवड्यात त्याने आपल्या कुंपणावर तीन पदरी तार ताणली. तेवढ्यावर थांबला असता तर मी काही बोलले नसते. तो दारोदार सांगत फिरला की आमचे दूध विषारी आहे. उरलेल्या गाई निरोगी असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तरी दूध नाल्यात ओतावे लागले, शेवटी गाईही विकाव्या लागल्या. यजमानांना स्मशानात न्यायची वेळ आली तेव्हा आपल्या गल्लीतून त्याने गाडी जाऊ दिली नाही. पूर्वी मी त्यास भाऊजी म्हणत असे. त्यानंतर काहीच म्हटले नाही.

पुढे मुलगा मोठा झाला, त्याने पाण्याची नळी टाकायला कोपऱ्यात चर खणला. मी बाहेरगावी होते. वरची माती कुंपणापलीकडे पडली आणि काटेतारची कालवड त्या गवतावर मेली. डॉक्टरांनी तपासले. तेच निघाले.

तरीही आज मुलगा म्हणतो, "आई, बाबा गेले त्याची शिक्षा जमिनीला का? गिऱ्हाईक सगळा तुकडा एकत्र मागतंय. तळघर काढून गोदाम बांधणार आहे." मी नाही म्हटले. तो म्हणाला, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे. तुझ्या अडचणीवर नाही."

म्हणून तो कोपरा मी काटेतारास मालकी हक्काने देते. त्याच्यामागे तो त्याच्या मुलीकडे जावा, तीही जनावरे पाळते. तेथे खणू नये, नांगरू नये, चरू देऊ नये. ही अट पाळील असा दुसरा माणूस मला सापडला नाही. मागच्या आठवड्यात तारेपाशी जाऊन मी त्यास हे सांगितले. तो म्हणाला, "वहिनी, मला कशाला?"

"तुम्ही घाबरता म्हणून. बाकी कोणी घाबरत नाही आता."

"आणि मी जे वागलो ते?"

"ते तसंच आहे. हा व्यवहार वेगळा."

त्याने मान हलवली. रडला की काय कोण जाणे. मी वळून निघाले होते. सदर व्यक्तीस मी माफ केलेले नाही, याची नोंद याच कलमात असावी.

पाच. माझ्यामागे त्या कोपऱ्यात माझ्या नावाचे काहीही लावू नये. झाड तर नकोच. त्यासाठी खड्डा लागतो.

वरील कलमांची प्रत काल मुलाच्या हाती शेजारी पाठवली. रागारागाने गेला आणि लगेच परतला. मी विचारले, "काय म्हणाले?"

"बस म्हणाले, चहा घे म्हणाले."

"मग?"

"मी नाही बसलो."

यजमान गेले तेव्हा हा मुलगा पाळण्यात होता. त्या गल्लीची गोष्ट मी त्यास कधी मुद्दाम सांगितली नव्हती. वरील कलमांत सगळ्याची वाटणी झाली. एवढी ही एक अढी मी न देताच त्याच्याकडे गेली आहे, आणि ती परत कशी घ्यावी याचे कलम मला लिहिता आले नाही.

हे मी वाचून पाहिले. त्यात खाडाखोड नाही.

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यादेखत तिने सही केली, तिच्यादेखत आम्ही केली:
१. जनावरांचे डॉक्टर, निवृत्त (सही)
२. समोर राहणारी, शिवणकाम करणारी (सही)

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: शिक्क्यावर उमटल्याप्रमाणे