नानासोचा नंबर

२४ जून, दहिवडी
आज रुजू झालो. सगळं आयुष्य सांगलीत कृष्णेच्या कडेनं काढलेल्या माणसाला माण तालुक्याचा बातमीदार नेमायचं, ही आमच्या संपादकांची विनोदबुद्धी. पण गाव मला आवडलं. खोली एसटी स्टँडच्या मागं, माडीवर, हवेशीर. हवा इतकी की हातातला पेपर शेजारच्या अंगणात जाऊन वाचावा लागतो. घरमालकीण विजयमालाबाईंनी आल्या आल्या बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, बायकोची आठवण आली. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, पडंल सवय. हे नीलिमाला लगेच सांगायचं होतं, पण माझ्या सिमला इथं रेंजच नाही.

२५ जून
सकाळी धनाजीच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. नवं सिम घ्यायला अंगठा लावला. मशीननं नाकारला. पुसून लावला, तेल लावून लावला, तरी नाही. कॉलेजात पाली शिकायला गेलो आणि संस्कृतात अडकलो. आत्मा अंगठ्याएवढा असतो, असं तिथं ऐकलं होतं. मशीनच्या मते मला तो नसावा.
धनाजीनं ड्रॉवरमधून एक चालू कार्ड काढलं. नाव दुसऱ्याचं, पण रेंज फुल्ल. मी त्याला कायदा ऐकवला, कारण गेल्या साली मीच यावर लेख छापला होता: कार्ड कंपनीचं, नंबर सरकारचा, ज्याच्या नावावर असेल त्याला फक्त वापर, ते परस्पर विकणं गुन्हा. धनाजीनं कीर्तन ऐकावं तसं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग घेताय का ठेवू?"
घेतलं. कायदा लिहिणाऱ्यालाही घरी फोन करावा लागतो. नीलिमा म्हणाली, प्रबुद्ध, तू आता भलत्याच माणसाच्या नावानं बोलतोयस, सांभाळ. हसलो दोघं.

२६ जून
दिवेलागणीला फोन आला. बाईमाणसाचा आवाज, दमलेला. "आवं, आज तळ कुटं?"
राँग नंबर म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि ठेवला.
विजयमालाबाईंनी उलगडा केला. इथली मेंढरं बारा वाटा फिरतात. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात मुक्काम पडतो, तो तळ. रानाला खत मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. घरची बाई रोज फोन करून तळ विचारते. तळ कळला की मगच घास घेते. मला गंमत वाटली. यावर चार ओळी छापाव्यात.

२९ जून
बाई रोज विचारते. रोज तेच शब्द, तोच सूर. राँग नंबर म्हणून म्हणून मीच ओशाळलो. आज वाटलं, बिचारी माझ्यापायी उपाशी राहायची. म्हणालो, "खंडाळा. ओढ्याच्या पलीकडं." ती "बरं" म्हणाली. त्या एका शब्दात एवढा निवांतपणा होता की माझं मलाच पुण्य लागल्यासारखं झालं. विजयमालाबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खोटा तळ सांगू नये, एवढंच म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

३० जून
दुपारी खंडाळ्याच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. नाव आबा. रात्री माझी मेंढरं त्यांच्या रानात बसली, ओढ्यापलीकडं. राखणारा गडी धान्य न घेताच गेला, ते कुठं पोचतं करू? वर म्हणाले, गडी नखशिखांत भिजला होता आणि आमच्याकडं तर थेंब नाही.
माझा नंबर कुणी दिला, विचारलं. म्हणाले, त्यानंच. "म्हनला, मी नुसता राखतो. धनी फोनवर हाय."

१ जुलै
कुणीतरी माझी चेष्टा करतंय. बातमीदाराची चेष्टा करणारे गावोगाव असतात. असंच असणार.
तरी धनाजीकडं गेलो. नंबर नानासो नावाच्या मेंढपाळाचा. गेल्या पावसाळ्यात घाटात ओढ्याच्या लोंढ्यात गेला. तो सापडला, मेंढरं नाही सापडली, एकसुद्धा. कार्ड त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, दुकानात आणून टाकलं. मी ते परत घे म्हणालो. धनाजी म्हणाला, सिम विकता येत न्हाई हे तुमीच सांगितलं, मग मी विकलंच न्हाई, परत काय घिऊ?
संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. मेंढरं लांब जावीत म्हणून तोंडाला आलं ते बोललो: महाबळेश्वर.

२ जुलै
महाबळेश्वरहून एका टॅक्सीवाल्याचा फोन. त्या पावसात रस्ताभर मेंढरं पडताहेत, गार पडून. एक माणूस त्यांच्यात मांडी घालून बसलाय, हलत नाही. धन्याला विचारा म्हणतो. काय करू, सायब?
मागं पाऊस ऐकू येत होता, आणि घंटा. फोन कापला. कार्ड काढून डबीत घातलं.
दिवेलागणीला बिनकार्डाचा फोन वाजला.

४ जुलै
हरणाबाईच्या वस्तीवर गेलो. रागानंच. तीच फोन करत असणार अशी खात्री होती, आणि "या" म्हणाली तेव्हा पटलंच: आवाज तोच. पण तिच्याकडं फोनच नाही. मी प्रश्न उच्चारला तेव्हा तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.
ती हळू बोलत होती. नवरा गेल्यावर तो फोन तिच्याकडंच होता. रोज वाजायचा. "माज्याच आवाजात मलाच ईचारायचं, तळ कुटं. मी कवाच सांगितला न्हाई. तुमी सांगितला व्हय?"
मी जमिनीकडं पाहिलं. तिनं आपलं बसकर जरा मागं ओढलं.

५ जुलै
कंपनीच्या कार्यालयात. उत्कर्षा नावाच्या बाई, समजूतदार. ज्याच्या नावावर आहे त्यानंच नंबर बंद करायचा असतो. तो वारलाय, तर वारसाच्या संमतीनं आधी तुमच्या नावावर घ्या, मग बंद करा. ऐकून धीर आला. नानासोचं नाव गेलं की नानासोचं येणंजाणं संपेल. स्वामित्वाचा प्रश्न शेवटी कागदावरच सुटतो.

७ जुलै
हरणाबाई नानासोच्या मृत्यूचा दाखला घेऊन कार्यालयात आली. एकदाच म्हणाली, धनी कोन हे मेंढरास्नी कागदाबिगर कळतं, आता कागदबी झाला. पण अंगठा दिला. मग माझा. पहिल्याच फटक्यात लागला. पत्ता आधारवरचा, सांगलीचा. बंद करायचा अर्जही दिला. वेळ लागेल, उत्कर्षाबाई म्हणाल्या.
बाहेर शाई नसलेला अंगठा हरणाबाई मातीनं घासत बसली होती. माझ्याकडं न बघता गेली.

९ जुलै
काल फोन नाही. आज नाही. घरी बोलता यावं म्हणून कार्ड डबीतून काढून पुन्हा फोनात घातलं. जेवलो. झोपलो.

१० जुलै
दुपारी नीलिमाचा फोन. चिडलेली. आपल्या कॉलनीत मेंढरं शिरली आहेत, गेटपासून जिन्यापर्यंत. सगळी ओली. ओरडत नाहीत. नुसती आपल्या दाराकडं बघतात. पायरीवर एक माणूस बसलाय, तो —
म्हणतो, पत्ता हाच आहे.
दार उघडू नको म्हणालो. उघडू नको.

सांगलीची एसटी संध्याकाळी. तोवर —

आता प्रश्न विचारतच नाहीत. विचारायची गरज नाही, पत्ता मीच दिला —

नीलिमा रडते आहे. दाराखालून पाणी येतंय. हाकलायला कॉलनीतले लोक येत नाहीत का विचारलं. कुणाला दिसत नाहीत म्हणते. तळावर सगळ्यांना दिसली, घरी फक्त तिला. धन्याच्या घरच्या बाईला.

तळ सांगितला की जातात. खंडाळ्याला गेली, महाबळेश्वरला गेली. पण कुणीतरी विचारायला हवं. घरच्या बाईनं.
आणि नाव कुठलं घेऊ. कुठलंही घेतलं तरी तिथं कुणाचं तरी दार —

तिला सांगितलं, विचार. मला विचार, आज तळ कुठं. ती म्हणाली, प्रबुद्ध, तुला वेड लागलंय का. मी म्हणालो, विचार.
तिनं विचारलं. सूर तोच. नीलिमा मला कधी आवं म्हणत नाही —
मी म्हणालो, दहिवडी. स्टँडच्या मागं. माझी खोली.
"बरं," म्हणाली.

तिचा मेसेज. गेली सगळी. जिना कोरडा आहे. तू कुठं आहेस

विजयमालाबाईंना बहिणीकडं पाठवलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. जाताना उंबऱ्याबाहेर दाणे ठेवून गेल्या, मूठभर —

वारा थांबला. इथला वारा कधी थांबत —

घंटा. लांब. मग जिन्याखाली.
ओल्या लोकरीचा वास.

कडी आतून लावली आहे. मी बघतोय तिच्याकडं. बाहेर कुणीतरी घसा खाकरला, बोलतो आहे, अदबीनं — धनी, म्हणतो, आता तुमी राखा, मी लय —