वीट आलाय म्हणाला

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा तुमचा धाकटा रांगत होता. आता तो लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे, एका खोलीत चौघं, आणि परवापासून माझा फोन उचलत न्हाई. मी इकडं लांब, बंगळूरला. पेन धरायची सवय सातवीतच सुटली, पण कुणाशी तरी बोललो न्हाई तर डोकं फुटंल, म्हणून तुम्हाला लिहायलोय.

तुमच्यासारखा मीही विटांच्याच धंद्यात आहे. हसू नका. प्लास्टिकच्या, बोटाएवढ्या विटा, लेकरं एकात एक दाबून घरं-गाड्या करतात तसल्या. दुकानात जुन्या विटाही घेतात. लोक पिशव्या भरून आणतात आणि भाव मी ठरवतो. उन्हानं पिवळी पडली का, कुणी दातानं चावली का, दोन दाबल्या की कट् वाजून घट्ट धरतात का, ते बघायचं. सुट्ट्या विटा किलोवर जातात. पण खोका कधी उघडलाच नसंल, तर नव्याहून जास्त पैसे. मागच्या आठवड्यात एक साहेब तसला खोका घेऊन आले. म्हणाले, पोरगा मोठा झाला, अभ्यासात उघडायचं राहूनच गेलं. मी चारी कोपरे तपासले आणि त्या दिवसातला सगळ्यात चढा भाव सांगितला. साहेब खूश झाले. मला मात्र घास गोड लागला न्हाई.

मला रेणापूरच्या रस्त्यावरची ती भट्टी आठवली. भूकंपानंतर गावंच्या गावं नवी उभी करायची होती, मिस्त्री लोकांना दम घ्यायला फुरसत नव्हती. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलंय. दोन विटा एकमेकीवर आपटता, कान देता, बाजूला ठेवता. भट्टीवाला वैतागतो, "मिस्त्री, विटा घ्यायला आलाव का तबला?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "लोकांच्या डोक्यावर पडणार न्हाई असला तबला दाव." मी एक काळपट वीट उचलतो, सगळ्यात खणखणीत वाजती ती. तुम्ही हातातून काढून घेता आणि टपली मारता. "नुसत्या आवाजावर जाऊ नको. जाळाच्या लई जवळ होती ही. वाकलीया बघ. असली भिंतीत बसत न्हाई."

परवा दुपारी धाकट्याचा फोन आला, तेव्हा काउंटरवर गर्दी होती. म्हणाला, "भैय्या, वीट आलाय." माझ्या डोक्यात दिवसभर विटाच. मी म्हणालो, "आलाय न्हाई येड्या, आली म्हण. कोणत्या रंगाची?" आणि स्वतःच हसलो. तो हसला न्हाई. "काही न्हाई, ठेवतो," म्हणाला. तो काय म्हणाला ते मला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून फोन लावतोय. शेवटी त्याच्या खोलीतल्या पोराला लावला. तो म्हणाला, "नुसता पडून हाय. जेवत न्हाई. टेस्टला पहिला आलाय, तरी असं का करायलाय कुणास ठाऊक."

आईला सांगितलं तर म्हणाली, "थोडे महिने राहिलेत. नंबर काढायलाय पोरगं. त्याला घरी आणून तुझ्यासारखा करू व्हय?" दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तिनं त्याला तिथवर पोचवलंय. तिला काय बोलू? माझी किंमत तिनं कधीच केलीया. पण अप्पा, त्याची खोली चौथ्या मजल्यावर हाय. माझ्या हाताला काम सुचंना झालंय.

दुकानाचा शेठ म्हणाला, आता गेलास तर परत येऊ नको. तिकीट काढलंय मी. राहिली आई. तुमचा शब्द तिनं कधी मोडला न्हाई, म्हणून आज सकाळी तिला सांगितलं, "रात्री अप्पा स्वप्नात आले. म्हणाले, आधी लेकराला घरी आण." मग म्हणाली, "तर मग आण बाबा त्याला." मला वाटलं, फोन ठेवंल. ठेवला न्हाई. हळूच विचारलं, "कसे दिसत होते?"

"होते तसेच," मी म्हणालो.

हा कागद गाडीत बसायच्या आधी फाडणार हाय, आईच्या हाती लागायला नको. तुम्ही आला नव्हता, अप्पा. आणि तुमचा चेहरा मला आता आठवत न्हाई.