रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, पेशाने किल्लीवाला, वयाने म्हातारा आणि नात्याने आता फक्त एका पुतण्याचा काका, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; दबाव आणायला घरात दुसरे माणूसच नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते पुतण्याला द्यावे. दाराचे कुलूप मी स्वतः बसवले आहे, ते त्याने बदलू नये. किल्ली अर्धी फिरवून दार जरासे आपल्याकडे ओढावे लागते. माझ्या पत्नीला हे शेवटपर्यंत जमले नाही. किल्ली पिशवीत असूनही ती बेलच वाजवायची. बेलही काढू नये.

कलम २. किल्ल्या कापायचे मशीन, कानशी आणि पकडी शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्याला द्याव्यात. माझा छोटा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याकडे आधीपासून आहेच. तो त्याने कधी परत केला नाही आणि मी कधी मागितला नाही. आता तोही रीतसर त्याचा झाला, त्यामुळे वरती भेटल्यावर त्याने माझी नजर चुकवायचे कारण नाही. बारीक त्रिकोणी कानस मात्र यातून वगळली आहे.

कलम ३. शोभेचे पाम. एका हॉटेलच्या दारात फिशटेल पामाखाली पडलेली फळे मी खिशात घालून आणली, तिथून हे वेड लागले. फळाचा गर हातमोजे घालून काढावा, नाहीतर हात खाजून नाकी नऊ येतात. कठीण बियांच्या कवचाला कानशीने जरासे घासावे, कोमट पाण्यात भिजत घालावे आणि नारळाच्या भुशात पेरून वाट पाहावी. अरेका लवकर येतो. जेली पाम वर्ष घेतो, दोन वर्षे घेतो, कधी येतच नाही. पत्नी याला रिकामपणाचे उद्योग म्हणायची. "माती पाळलीय आमच्याकडे," असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. वाढलेले पाम दवाखान्याला द्यावेत. तिथल्या बाकांवर मी पुष्कळ बसलो आहे, समोर पाहायला काही नसते.

कलम ४. हे कलम सर्वांनी नीट वाचावे.

खिडकीत एक कुंडी आहे. तिच्यात माती दिसते आणि दुसरे काही दिसत नाही. पत्नी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा एका दुपारी मी चहा टाकून बाहेर आलो तर ही कुंडी तिच्या मांडीवर होती आणि बोट मातीने माखलेले होते.

"लावलाय एक जेली पाम," ती म्हणाली. "उगवला तर मी हरले."

"कुठल्या बाजूला लावलास?"

"ते नाही सांगणार."

ती पक्की थट्टेखोर होती. बियांच्या डबीतून एक बी कमी झाली होती की नाही, मला कळायला मार्ग नाही, कारण मी बिया मोजून ठेवत नसे. ती गेली. मी रोज पाणी घालतो. आत बी आहे की तिने नुसतेच बोट खुपसले होते, हे मला आजही माहीत नाही. उकरून पाहिले तर लगेच कळेल. म्हणूनच मी उकरलेले नाही.

मी इस्पितळात होतो तेव्हा घराची किल्ली पुतण्याकडे होती. मुलगा गुणी आहे. त्याने हिरव्या रोपांची पाने ओल्या फडक्याने पुसली आणि पेरलेल्या सगळ्या कुंड्यांमधली माती गच्चीवर ओतून दिली. मला फोनवर म्हणाला, "काका, रिकाम्या कुंड्या धुऊन ठेवल्यात!" मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. त्याच्यावर माझा राग नाही. रिकामी दिसली, त्याने रिकामी केली.

वाचली ती ही एकच कुंडी, आणि तीही खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंमुळे. त्यांचे आणि माझे हाडवैर. माझ्या खिडकीतून ठिबकणारे पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचे आणि त्या झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकायच्या. आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो, आणि ते पाणीही माझ्याच कुंड्यांचे. त्या दिवशी त्यांना जिन्यात पुतण्या ही कुंडी घेऊन जाताना दिसला.

"ही खिडकीतली ना? ही माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. "हिचं पाणी रोज माझ्या डोक्यावर पडतं. रिकाम्या कुंडीला रोज पाणी कोण घालतं?"

मी घरी आलो तेव्हा त्यांनी ती वर आणून दिली. माती ओली होती.

"काही आलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "पण मी उकरलं नाही हं."

उकरू नका, असे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्या गेल्यावर मी दार लावून रडलो. या घरात माझ्याशी इतके समजून कोणी बोलून फार दिवस झाले होते.

म्हणून ती कुंडी आणि बिया घासायची त्रिकोणी कानस मी या बाईंना देत आहे. कुंडी खाली गेली की ठिबकायचीही थांबेल. कोंब आधी गवताच्या पात्यासारखा दिसतो, तण समजून उपटू नये. तो आलाच, तर बाईंनी एकदा मोठ्याने "हरलीस" म्हणावे. मला ते म्हणायचे होते. नाही आला, तरी पाणी थांबवू नये. तिने थट्टा केली असेल तर ती जिंकली, आणि ती जिंकलेलीच मला जास्त आवडते.

वकीलबाईंनी सांगितले, की ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीला राहू नये. मला ओळखणाऱ्या सगळ्यांना काही ना काही दिले असल्याने साक्षीदार बाहेरून आणावे लागले. त्यांच्या तसदीबद्दल त्यांना चहा दिला आहे.

साक्षीदार १: पोस्टमन (सही)
साक्षीदार २: औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

लिहून देणार: किल्लीवाला (सही)

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: दाखल्यावर आहे तोच. आज सकाळी पाणी घातले. अजून काही आलेले नाही.