वर थोडं घाला

शनिवार, ४ मे

लागलं एकदाचं घर! दोन खोल्या, इवलंसं स्वयंपाकघर, आणि ह्यांचं ऑफिस चालत जाण्याजोगं. मुख्य म्हणजे या परक्या देशात आम्हाला कुणी ओळखत नाही. आमची ठकू जाऊन वर्ष झालं. तिकडे रोज कुणी ना कुणी दारात येऊन हळहळायचं. सहा वर्षांची लेक गेल्यावर लोकांना काय सांगायचं? तिचा पिवळा फ्रॉक मात्र मी बॅगेच्या तळाशी घालून आणलाच.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाजारात गेलो. भाषेच्या नावाने आनंदच, पण भाजी घ्यायला भाषा कशाला लागते? एका म्हातारीकडून बटाटे घेतले आणि सवयीने ओंजळ पुढे केली, वर थोडं घाला. हे लाजून अर्धे झाले. इथे तसं मागत नाहीत म्हणे. अहो, वरचं मागितल्याशिवाय भाजी घेतल्यासारखं वाटतं का? म्हातारी हसली. एक बटाटा वर टाकला आणि माझ्या कपाळाला बोट लावलं, तीट लावावी तसं. गोड आहे बाई.

शनिवार, ११ मे

आज टोमॅटोंवर म्हातारीने मूठ उघडली, तर केसांचा लाल फुलाचा चिमटा. एक पाकळी तुटलेला. ठकूने दातांनी तोडली होती ती. तो शेवटपर्यंत तिच्या केसांत होता, तिच्याबरोबरच गेला. मी तो मुठीत घट्ट धरला. म्हातारीने पुन्हा कपाळाला बोट लावलं.

हे म्हणाले, असले चिमटे जगभर मिळतात. मग तोंड फिरवून रडले. रात्री मी ठकूचं झोपायचं गाणं गुणगुणत होते, मी रोज म्हणायचे ते. मला पुढची ओळ आठवेना. शीण असेल.

बुधवार, १५ मे

आता रोज जाते. काल ठकूची एक सँडल मिळाली. आज कांद्यांच्या पिशवीतून हसू ऐकू आलं, तिचंच.

ह्यांनी विचारलं, खळी कुठल्या गालावर पडायची? मला सांगता येईना. गाणं तर अख्खंच गेलंय. ह्यांना सगळं उमगलं. म्हणाले, ती बाई फुकट काही देत नाही, बोटाने काढून घेते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “ती परत येईलही. पण तू तिला ओळखशील का?”

मी म्हटलं, तुम्ही आहात ना ओळखायला.

शनिवार, १८ मे

भीती वाटते. तरी गेले. कुठली आई जाणार नाही?

आज घरी आल्यावर पिशवीतून हाक आली, बाबा, अशी. मला अडवणारा माणूस तो — चपला घालून माझ्याआधी निघाला. म्हातारीपुढे ओंजळ ह्यांनीच धरली. वर थोडं घाला, म्हणाले. लाजले नाहीत. कपाळ पुढे केलं. मग मीही —

म्हातारीने या वेळी काहीच दिलं नाही. नुसती रस्त्याकडे बोट दाखवून हसली. घरी पाठवते, असं काहीसं.

मंगळवार, २१ मे

बॅगेत एक पिवळा फ्रॉक सापडला. आधीच्या भाडेकरूंचा असावा. हे म्हणाले, देऊन टाक कुणाला तरी, आपल्याला मूलबाळ नाही. खरंच की. पण घडी घालताना उगाच —

बुधवार, २२ मे

दुपारपासून दारात एक पोर उभी आहे. रडतेय. आमच्या भाषेत. आई, दार उघड, म्हणते. कुणाची असेल बिचारी? केसांत लाल चिमटा. हे म्हणतात, उघडू नकोस, परक्या मुलखात नसती आफत.

घर चुकली असेल.

आता रडणं थांबलंय. काहीतरी गातेय, हळू, एकटीच. झोपायचं गाणं. पुढची ओळ मला —

पावलं. जिना उतरतेय. जाऊ दे. मी का रडतेय पण? अहो, मी का —