वायरची पहिली खुर्ची

६ फेब्रु. १९७३, मंगळ.
आजही टँकर नाही. टबातल्या त्याच त्या पाण्यात वेत भिजत घातला, पाणी चहासारखं तांबूस झालंय. पट्ट्या नीट भिजल्या नाहीत की वाकवताना फुटतात. आज बऱ्याच फुटल्या. ह्यांनी त्या उचलून चुलीपाशी टाकल्या. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, तुमचा वेत पाणी पितो आणि आम्ही तहानलेले. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

८ फेब्रु., गुरु.
मिरजगावचे डॉक्टर आले होते. त्यांच्या दवाखान्याच्या खुर्च्या अर्ध्याच विणून झाल्यात. उरलेल्या वायरच्या करा म्हणाले, पुण्याला सगळीकडे तशाच दिसतात, पुसल्या की स्वच्छ. हिरव्या प्लॅस्टिक वायरची वेटोळी बरोबरच आणलेली. ह्यांनी एक हातात घेतलं, वास घेतला, ठेवून दिलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "भिजवायचं न्हाई, तर मग इनायचं कसं?"
मला मात्र कधी एकदा हात लावते असं झालंय.

१० फेब्रु., शनि.
नागापूरला एका कारखान्यात माणसं घेताहेत. ह्यांचा मावसभाऊ चिकटवून देतो म्हणतोय आणि हे तयार झालेत. तिथं काम काय, विचारलं. "सांगतील ते."
राग आला. लहानपणापासून वेताशी हुज्जत घालणारा माणूस, त्याने सांगतील ते म्हणावं? हे गेले की हा धंदा घरातून गेलाच, मी एकटी काय रेटणार. पण पाणी तरी मी कुठून आणू?

१२ फेब्रु., सोम.
हे आजपासून कामाला. घरात मी आणि खुर्च्यांचे रिकामे सांगाडे. वायर काढली. गुळगुळीत, गाठ नाही, फुटायची भीती नाही. दुपारचं जेवण विसरले. संध्याकाळपर्यंत खुर्ची पुरी. दिसते झकास.

१३ फेब्रु., मंगळ.
झकास कसली. बसून पाहिलं तर झोळी! चौकटीत रुतून बसले, शांताबाईंनी हात धरून काढलं.
का झालं असावं? सकाळभर तेच डोक्यात. मग उजेड पडला. ओला वेत आपण जरा सैल विणतो, वाळला की तो आपला आपण ताणून बसतो. सासऱ्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. वायर कशाला वाळतेय? हात सवयीने सैल सोडत गेले आणि मला पत्ता नाही. हात आपल्याला विचारतच नाहीत की काय?

१५ फेब्रु., गुरु.
सगळी उसवली. पुन्हा घेतली. गंमत अशी, गप्प राहून ओढलं की घट्ट बसते, बोलायला लागलं की पुन्हा सैल. शांताबाई म्हणाल्या, मग मी येतच नाही. तरी आल्याच. वायर बोटं कापते, हे वेताने कधी केलं नव्हतं.

१७ फेब्रु., शनि.
हे आल्यावर विचारलं, तिथं करता काय? म्हणाले, पत्रा ठेवायचा, दांडा दाबायचा, भोक पडतं. मग दुसरा पत्रा.
"भोक कशासाठी?"
"इचारलं न्हाई."
ते फार लागलं मला. दिवसभर भोकं पाडायची आणि कशाला ते ठाऊक नाही. मी तर पहिल्याच पत्र्याला विचारलं असतं. पण ठरलेला पगार आहे, पाण्याची भानगड नाही, हेही खरंच.

१८ फेब्रु., रवि.
सुट्टी. चहा पिता पिता ह्यांची नजर खुर्चीकडे. सैल सोडलंस म्हणाले. म्हटलं, तुम्ही करून दाखवा. बसले. दोन ओळी घातल्या, बोट दाबून पाहिलं आणि थांबले. "माजं पन तसंच हुतंय." कितीतरी दिवसांनी हसले. मला इतकं बरं वाटलं.
मग लाकडाच्या खुंट्या तासल्या. ओळ ओढायची, खुंटी ठोकून धरायची, मग पुढची ओळ. आमटी निवली. मधेच मला म्हणाले, "उन्हात ही वायर ताणती का ढिली पडती?" म्हटलं, मला काय माहीत. खुर्ची अंगणात ठेवली. दर थोड्या वेळाने उठून बोट दाबून येत होते. ऊन उतरलं तरी तिथंच उकिडवे बसलेले.
उद्या ह्यांची पहिली पाळी, पहाटे सायकलवर निघायचं. सायकलच्या मागच्या चाकात हवा नाही, ते मी दुपारीच पाहिलं. अजून सांगितलेलं नाही.