रंजूचं कॉम्प्युटर आन् माझा हात

११ ऑगस्ट, सुरत
मिलमधी पुन्हा राडा. नळावर एकानं आईवरून शिवी दिली, त्याचं डोकं नळावरच आपटलं. माझं बोट फुटलं. मुकादम म्हणला, आनखी एकदा केलंस तर गावाकडची गाडी धर.
मग बहिणीचा फोन. रंजू नांदेडच्या कॉलेजात लागली. "दादा, मेजर मराठी, मायनर कॉम्प्युटर घेतलं."
"मायनर म्हंजे?"
"भाकर मराठीची, ठेचा कॉम्प्युटरचा."
"मग ठेचाच लावून खा." लई हसली. मी सातवी नापास, पर मिलभर सांगत फिरलो.

१८ ऑगस्ट
आईनं फोनवर सांगितलं. प्रॅक्टिकल पाचपस्तोर, रंजू लोह्याला एष्टीतनं उतरती तवा दिवस बुडालेला. काकाच्या पोरानं, दत्त्यानं, स्टँडवर चारचौघांत तिच्या मुस्काटात मारली. कॉम्प्युटर सोड, इतिहास घे, दुपारी घरी ये म्हणतो. विषय बदलायचा फॉर्म शुक्रवारपस्तोर.
रंजू फोनवर म्हणली, "तू येऊ नको. तू मारशील, राग निघल माझ्यावर."
न्हाई मारत. आईची शपथ. रेल्वेच्या जनरल डब्यातनं निघालो.

२० ऑगस्ट, गाव
शपथ मोडली.
दत्त्या घरात आला, तिची प्रॅक्टिकलची वही उचलली, टराटरा फाडली. "घे तुझं कॉम्प्युटर." पुढचं नीट आठवत न्हाई. कुदळीचा दांडा हातात होता. त्याचा हात मोडला, दोन दात उंबऱ्यावर. रंजू माझ्या पाठीला लटकून वरडत होती, "दादा, शुक्रवारपस्तोर थांब! शुक्रवार!"
ऐकू येत होतं. तरी मारून राहिलो होतो.

२१ ऑगस्ट
काका आला. म्हणला, केस करत न्हाई, पर पोरीनं कॉम्प्युटर सोडायचं. न्हाई तर उद्या सांजच्याला ठाण्यात जातो. आबांनी, आमच्या बापानं, विषय बदलायच्या फॉर्मवर सही करून टाकली.
मी म्हणलो, "फाड तो. मी जातो आत."
"मारलंस तू, भरायचं मी." रंजूनं फॉर्म पर्समधी घातला. मग भाताच्या शितांनी वही चिकटवत बसली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, नांदेड
कॉलेजच्या गेटवर. हात सुजलाय, अक्षर वाकडं. रंजू दोनला आत गेली. पर्समधी फॉर्म, छातीशी वही. काय करनार विचारलं. "आता तरी हात खिशात ठेव" एवढंच.
पाच वाजून गेले. फॉर्म घ्यायची ऑफिसची खिडकी बंद. इतिहासाच्या पोरी कवाच गेल्या. काकाचा तिसरा मिसकॉल.
रंजू अजून आत. वरच्या मजल्यावर लाईट हाय, कॉम्प्युटरची खोली का दुसरी ते इथून कळत न्हाई.
पेन ठेवतो. हात खिशात घालायचाय.